कोमट पाणी

९ जानेवारी १९३८

कोरीट गावची बाळंतीण गेली. मूलही.

१० जानेवारी

काल लिहवेना. दोधू पाटलांची सून. एकोणीस वर्षांची. मला न्यायला गाडी आली तेव्हाच कळा सुरू होऊन दोन दिवस उलटले होते. येत होतं ते सगळं केलं. सगळं! तिनं शेवटपर्यंत माझं मनगट सोडलं नाही. नखांचे वण अजून आहेत.

इकडे बाळंतपण पार पडलं की घरातली बाई सुइणीचे हात कोमट पाण्यानं धुते, तेल लावते. दोन वर्षांत माझेही किती जणींनी धुतले. आधी मी संकोचायचे – पुण्याला शिकलेली नर्स ना! मग आवडायला लागलं. काल कोण धुणार? सासू धनुबाई भिंतीकडे तोंड करून बसलेली. मीच विहिरीवर धुतले आणि गाडीत बसले. आज सकाळपासून कार्बॉलिक साबणानं अकरा वेळा धुतलेत.

१४ जानेवारी

संक्रांत. कोणीतरी कडी वाजवली. दार उघडलं नाही.

१७ जानेवारी

बोटांना चिरा पडल्यात. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब म्हणाले, नर्सबाई, मन घट्ट करा, होते सवय. केव्हा होते म्हणे? राजीनामा लिहून दिला. एकतीस तारखेच्या आगगाडीनं भावाकडे.

१९ जानेवारी

खातूनबी आली. इथली जुनी सुईण. आमचं कधी पटलं नाही – मी तिच्या नाळ कापायच्या विळ्यावरून बोलायचे, ती माझ्या चिमट्यांना हसायची. आज हसली नाही. माझे हात उलटेपालटे करून पाहिले.

"बाई, कोरीटले तुन्हा हात कोनी धोयात का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं माझ्याच चुलीवर पातेलं चढवलं. हात धुतले, एकेक बोट सुटं करून. तिळाचं तेल चोळलं. आग आग झाली. मी रडले, लहान मुलीसारखी, मोठ्यानं. ती तेल चोळत राहिली. जाताना एवढंच – "जठे कोनी धोवत नही, तठून मन्हाकडे येत जाय."

२० जानेवारी

झोप लागली!

२३ जानेवारी

रोज येते. तेल लावते, जगाच्या चहाड्या सांगते. आज हात तीनदाच धुतले.

२६ जानेवारी

आज मीच तिच्या घरी गेले. विचारलं, चाळीस वर्षांत तुझ्याही हातून गेल्याच असतील की. तुझे हात कोण धुतं? म्हणाली, सासू होती तोवर ती धुवायची. तीही सुईणच. ती जाऊनही वीस वर्षं झाली.

"आणि आता?"

"आते मी शे नी लोटा शे." हसली. मला हसू आलं नाही.

तिची लेक सलीमा पहिलटकरीण म्हणून माहेरी आलीय. आठवा सरत आलाय. मी पोट तपासलं नाही, नुसता चहा प्यायले. खातूनबी थांब म्हणाली नाही. म्हणाली असती तर? नाही. माझ्याच्यानं आता होणार नाही.

३० जानेवारी

ट्रंक भरली. भांडीही आत गेली. खातूनबी आज आली नाही. रुसली असेल.

३१ जानेवारी

टांगा दारात उभा होता. तेवढ्यात ती आली. पायरीवरच बसली. सलीमाला काल पहाटेच कळा लागल्या. पोर वाचली. नातू नाही वाचला.

मला का नाही बोलावलंस गं? असं ओरडलेच मी तिच्यावर.

"तुन्हा हात आत्ते कोठे भराले लागनात, बाई."

टांगा परत पाठवला. ट्रंक उघडली. पातेलं अगदी तळाशी होतं. पाणी तापलं तेव्हा गाडीची शिटी झाली. खातूनबीनं दोन्ही हात पुढे केले.