नमुन्याच्या पाच ओळी

२ मार्च, सोमवार
हॉस्पिटलच्या रेकॉर्डचं मोठं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. पेशंटच्या औषधांची जुनी फाइल नव्या सिस्टिमला समजेल अशी बदलून द्यायची. पुढच्या सोमवारपर्यंत. बाहेरची कंपनी महिनाभर मागत होती. मी म्हणालो, कशाला, मी करतो. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. कौतुकानेच असावं.
असल्या कामाला कंप्युटरची पर्ल नावाची भाषा उत्तम म्हणे. उद्यापासून रोज पहाटे उठून शिकणार.

३ मार्च
पहाटे जाग आली नाही. आईचा गुडघा ठणकत होता, घरात कुणालाच झोप नाही. पुढच्या गुरुवारी तिचं ऑपरेशन, आमच्याच हॉस्पिटलात.
पर्लचं पुस्तक थोडं वाचलं, बरंचसं चाळलं. सोपं आहे. प्रोग्रॅम लिहिला. चालला नाही. कंप्युटर जुना आहे.

४ मार्च
इंटरनेटवर पर्लवाल्यांच्या एका फोरमवर प्रश्न टाकला: फाइल साफ करून हवी आहे, अर्जंट. फोटोत भली मोठी दाढी असलेल्या एका गृहस्थांनी उत्तर दिलं. म्हणाले, फाइलमधल्या पाच ओळी जशाच्या तशा टाका, आणि शेवटी काय हवंय तेही दाखवा. तिथली पद्धतच आहे म्हणे.
पण फाइल कसली गबाळी! कुठे टक्क्याची खूण, कुठे उभ्या रेघा, कितीतरी औषधांच्या आधी चांदणी. कुणा हौशी कारकुनाने रिकामपणी काढलेली नक्षी. ऑफिसची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची? मीच पाच ओळी नव्याने टाइप केल्या. नाव, कॉमा, औषध. कशा स्वच्छ!

५ मार्च
दाढीवाल्यांनी स्क्रिप्ट दिली, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. अक्षरं, आकडे, कॉमा ठेवते, बाकीचं सगळं पुसते. खाली बजावलं होतं: आधी कॉपीवर चालवून बघा. आणि खऱ्या फाइलमध्ये याहून वेगळं काही असेल तर आत्ताच सांगा, ही स्क्रिप्ट काही विचारणार नाही. शंभर टक्के अशीच आहे, असं ठोकून दिलं. माणूस हुशार, पण भित्रा.
थेट मूळ फाइलवर चालवली. काम फत्ते. फाइल हलकीही झाली. डाएट लागू पडलं.
ही म्हणाली, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. हिला यातलं काय कळतं?

९ मार्च, सोमवार
नवी सिस्टिम सुरू. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.
फोरमवर दाढीवाल्यांचा निरोप. तुमच्या ओळींत औषधांची नावं दिसतात, मग पेशंटला जी चालत नाहीत ती मूळ फाइलमध्ये कशी दाखवली होती? काम झाल्यावर आता खुसपटं. श्रेय हवं असणार. उत्तर दिलं नाही.
आपणच आता नवशिक्यांना मदत करायची, असा संकल्प.

१० मार्च
दोन नवशिक्यांना सल्ला दिला. दोघेही परत आले नाहीत. अडचण सुटली असेल.
हॉस्पिटलच्या औषधवाल्या बाईंचा फोन. एका पेशंटला मुळीच न चालणारं औषध त्याच्या रोजच्या यादीत दिसतंय म्हणे. मी म्हणालो, माणसाची तब्येत बदलते, आता चालत असेल. बाईंनी फोन ठेवून दिला. पटलं असावं.
वरच्या मजल्यावर एका बाईच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टरांनी वेळेत आवरलं म्हणे. ऊन वाढलंय हल्ली.

११ मार्च
जेवताना त्या चांदण्यांचा विचार मनात आला. काढून टाकला. पुन्हा आला. भात टाकून उठलो.
संध्याकाळी आईला भरती केलं. ती म्हणाली, मागे त्या एका इंजेक्शनने माझा जीव जायची वेळ आली होती, तेवढं सांगून ठेव रे. मी म्हणालो, नवी सिस्टिम मी केली आहे, काळजी सोड.
सांगायला जाणार होतो. पण मग सिस्टरांनी विचारलं असतं, सिस्टिममध्ये नाही का? उद्या सकाळी बघू.

१२ मार्च, सकाळ
सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या. बाटलीवरचं नाव वाचलं. तेच. आई म्हणाली, हे नको गं बाई, याने माझा घसा आवळतो. सिस्टर म्हणाल्या, आजी, यादीत आहे, तुम्हाला हे नेहमीच देतात. आई माझ्याकडे बघायला लागली.
मी सिस्टरांचा हात धरला. म्हणालो, यादी चुकली आहे. त्यांनी विचारलं, एकट्या यांची की सगळ्यांची?
आईकडे बघितलं. मग म्हणालो, सगळ्यांची.

दुपार
सगळ्या वॉर्डांतली औषधं थांबवली आहेत. आईचं ऑपरेशन पुढे ढकललं. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. चांदण्या असलेली कॉपी कुठेच नाही, म्हणून प्रत्येक पेशंटला विचारून यादी नव्याने लिहायची. जे शुद्धीवर नाहीत त्यांच्या घरच्यांना फोन चालू आहेत. काहींच्या घरी कुणी फोन उचलत नाही.
मला दुसरा मजला दिला आहे. पहिल्या खाटेवर एक आजोबा झोपले होते. हलवून उठवलं. विचारलं, आजोबा, तुम्हाला कुठलं औषध चालत नाही?
म्हणाले, एक आहे खरं, पण नाव कुठे लक्षात राहतंय? ते तुम्ही लोकांनीच लिहून घेतलं होतं ना.