आठवा पिंजरा

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी सरली की आमच्या दारात रांग! घरं रंगवली, पाहुणे आले, कुत्रं नकोसं झालं. आज तिघे आले, तिघांनाही नाही म्हटलं. सासऱ्यांच्या कापसाच्या गोदामात थाटलेल्या आमच्या प्राणी-आसऱ्यात पिंजरे आठच, त्यातले सात भरलेले. आठवा हायवेवर जखमी झालेल्यांसाठी राखीव — नियम माझाच. पाळलेलं सोडायचं असेल तर यादीत नाव लिहा, नंबर लागेपर्यंत घरीच सांभाळा. आणि मरणाची सुई फक्त ज्याचे हाल संपणारच नाहीत त्याला.

लोक म्हणतात अंजूबाई लई कडक. म्हणोत बापडे! एकदा ढील दिली, एकेका पिंजऱ्यात दोन-दोन कोंबले, तर रोग पसरून पाच पिल्लं गेली.

५ नोव्हेंबर

वासुदेवराव आले होते, शेजारच्या खेड्यातले शेतकरी. सत्तरी ओलांडलेली, बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा आदेश पुण्याला बोलावतो, पण त्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही. यांचा बंड्या अकरा वर्षांचा. कोणी घेत नसेल तर सुई देऊन टाका, असं मुलगा म्हणतो म्हणे.

जागा नाही म्हटलं, यादीत अकरावा नंबर दिला. म्हातारा चक्क खुशीत गेला. अजबच माणूस!

७ नोव्हेंबर

त्यांच्या घरी बंड्याला पाहून आले. आमचा आणखी एक नियम — कुत्र्याच्या मालकाकडे चहा प्यायचा नाही. चहा पोटात गेला की ‘नाही’ तोंडातून निघत नाही. पण त्यांनी पोहे केले होते, स्वतः! वर सांबाराची हिरवी पानं चिरून टाकलेली. एकट्या माणसाने मांडलेली प्लेट कशी सरकवायची? खाल्ले. चहाही प्याले.

बंड्या त्यांच्या चपलेवर मान ठेवून पडला होता. एका डोळ्यात मोतीबिंदू, बाकी ठणठणीत. याला सुई? डोकंच फिरलं माझं. म्हटलं, काका, आठवा पिंजरा देते. रविवारी आणा.

ते बंड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. भरून आलं असेल. मीही गाडीवर रडतच परतले, आणि फार बरं वाटत होतं.

१० नोव्हेंबर, रविवार

आलेच नाहीत. दुपारी मीच फोन लावला. आधी नुसतं हूं-हूं. मग हळूच बोलले.

"अंजूबाई, तुम्ही सगळ्यायले नाई म्हनता, म्हून तं तुमच्याकडं आलतो. मले गाव नाई सोडाचं. पोराले सांगाले एक कारण पाह्यजे होतं."

मग त्याला तसंच सांगा ना, म्हटलं.

"काळजीनं बलावते तो. त्याले तोंडावर नाई कसं म्हनू? आता तुम्हीच हो म्हटलं. पोरानं इचारलं, मले खोटं नाई बोलता आलं, तं त्यानं बुधवारचं तिकीट काढलं."

काय करून बसले मी! त्या पिल्लांनंतर इतक्या वर्षांत एकदाच नियम मोडला, तोही पोह्यांपायी. आणि तिकडे म्हाताऱ्याचं घर सुटायची वेळ आली. जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर

सकाळी हायवेवरच्या जाम गावच्या चौकातून पाय मोडलेली एक कुत्री आणली. आठवा पिंजरा भरला. मग आदेशला फोन. जागा नाही, वडिलांचा नंबर अकरावा. धडधाकट कुत्र्याला आम्ही सुई देत नाही, कोणाला देऊही देणार नाही.

"किती दिवस लागतील?"

सांगता येत नाही, म्हटलं. तिकीट रद्द करा.