टाळूवरचं चिन्ह

२ मार्च
संकल्प: रोज डायरी. खरं तेच लिहायचं. वाचणारं कुणी नाही, त्यामुळे फुशारकीचा प्रश्नच येत नाही. (तरी नोंद असावी: कवळीचं प्लास्टरकाम माझ्याइतकं साफ करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.)

लॅबमध्ये वाईट बातमी. एटू बहुतेक चालला. आमच्या दातांच्या लॅबमध्ये पोर्सिलेनचे दात तोच करतो. ए-टू हा दातांचा सगळ्यात खपणारा रंग, तो याला रंगाची पट्टी न लावता नुसत्या नजरेनं कळतो, म्हणून हे नाव मीच ठेवलं. नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. आता दुसऱ्या गावच्या मोठ्या लॅबनं बोलावलंय. ३१ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

मला काय त्याचं! लॅबचं नुकसान होईल, एवढंच.

जेवलो नाही. अॅसिडिटी.

३ मार्च
लॅबच्या मालकीणबाईंना म्हटलं, त्याला थांबवा. त्या म्हणाल्या, तूच सांग की, तुझं ऐकेल तो. मी म्हटलं, हे मॅनेजमेंटचं काम आहे. लोक जबाबदारी कशी झटकतात बघा.

५ मार्च
उपाय सापडला. जुन्या पुस्तकांच्या दुकानात आधुनिक चेटकाचं हँडबुक मिळालं. मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे, पण हे चेटूक आधुनिक आहे. झाडू नाही, मांजर नाही, फक्त चिन्हं. इच्छा एका वाक्यात लिहायची, पुन्हा आलेली अक्षरं गाळायची, उरलेल्यांच्या रेघा एकमेकींत गुंफून चिन्ह करायचं आणि मग इच्छा विसरून जायची. मुख्य नियम: इच्छा कुणापाशीही बोलून दाखवायची नाही. बोललात की चिन्ह फुटलं.

माझ्या स्वभावाला इतकं मानवणारं शास्त्र आजवर भेटलं नव्हतं.

इच्छा लिहिली: 'लॅबच्या कामाचा दर्जा टिकावा यासाठी अनुभवी कर्मचारी कायम राहावेत.'

६ मार्च, सकाळी ७.१५
चिन्ह खेकड्यासारखं आलं. वाक्य फार लांब झालं होतं. लहान केलं: 'एटूनं इथेच राहावं.' फक्त सोयीसाठी. अर्थ तोच.

८ मार्च
जेवणाच्या सुट्टीत एटूनं एक कादंबरी दिली. म्हणाला, एकतीसच्या आत वाच आणि तुला काय वाटतं ते मला सांग. 'मला सांग' दोनदा म्हणाला. लोक पुस्तकं परत देत नाहीत, त्याची धास्ती असणार.

९ मार्च
कादंबरी वाचायला घेतली. सोळा वर्षांचा एक मुलगा आणि त्याचा मित्र सुट्टीत एका जुन्या होडीला रंग देतात. मित्राचं कुटुंब गाव सोडून जाणार आहे, तर याला झोप येत नाही, जेवण जात नाही, आणि हा समजतो आपल्याला होडीची काळजी लागलीये! अरे गाढवा, तुझं प्रेम आहे त्याच्यावर. मला पान बाराला कळलं. याला पान सत्तरपर्यंत पत्ता नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. एखादा माणूस इतका मठ्ठ असू शकतो यावर माझा विश्वास बसत नाही.

शिवाय होडीला रंगाचे सहा कोट कोण देतं? तीन पुरे.

११ मार्च
जेवणाच्या टेबलाखाली मिठाचं वर्तुळ काढलं आणि मध्ये चिन्हाचा कागद ठेवला. कामावरून आलो तर ताईनं सगळं झाडून टाकलेलं. मीठ सांडल्यावर उचलायची अक्कल नाही, शेहेचाळीस वर्षांचा घोडा झालास, असं बरंच काही ऐकवलं. थोरल्या बहिणीशी वाद घालायचा नाही असा माझा नियम आहे. नियम तिनंच केलाय.

१२ मार्च
विसरण्याचा सराव. सकाळी दहा मिनिटं एटूचा विचार करायचा नाही. चौदा वेळा मोडलं. त्यातल्या दोन वेळा मोजायच्या नाहीत, कारण तो स्वतः समोरून गेला.

१३ मार्च
हँडबुक म्हणतं, चिन्ह कागदापेक्षा स्वतःच्या हातच्या कामात कोरलं तर जास्त चालतं. माझं हातचं काम म्हणजे कवळ्या. एका रिटायर्ड हेडमास्तरीणबाईंची वरची कवळी चालू आहे. त्यांच्या टाळूच्या प्लास्टरच्या साच्यात, मागच्या बाजूला, बारीक रेघेत चिन्ह कोरलं. कुणाला दिसणार नाही.

१५ मार्च
एटूला दिसलं. भिंगातून बराच वेळ बघत होता. हे काय, म्हणून विचारलं. सांगितलं असतं तर चिन्ह फुटलं असतं. म्हटलं, पकड वाढावी म्हणून. तो म्हणाला, कशावरची? मी म्हटलं, टाळूवरची, आणखी कशावरची! तो बरं म्हणाला आणि आपल्या टेबलाशी गेला. जाताना, पुस्तक कुठवर आलं, हेही विचारलं. म्हटलं, बिझी आहे.

१८ मार्च
ताईनं कादंबरी दोन बैठकींत संपवली. स्वयंपाकघरात रडत बसली होती. मला म्हणाली, हे पुस्तक त्यानं तुला का दिलं असेल, याचा विचार केलास का? मी म्हटलं, सेलमध्ये मिळालं असेल. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि त्याला रविवारी जेवायला बोलाव म्हणाली. म्हटलं, रविवारी मेणबत्तीचा विधी आहे.

२१ मार्च, रविवार
विधी पार पडला. हिरवी मेणबत्ती हवी होती, मिळाली वाढदिवसाची, गुलाबी, आकडा ५. चालवून घेतली. एटूचा फोन आला होता, विधी मोडू नये म्हणून उचलला नाही. नंतर करायचा राहिला. रविवारी त्याचं काय काम असणार!

२३ मार्च, सकाळी १०.३०
खळबळ. हेडमास्तरीणबाई स्वतः लॅबमध्ये. कवळी निघतच नाही! दोन दिवस प्रयत्न करतायत. बोलताना काही अडचण नाही, त्यामुळे आम्हाला सगळं नीट ऐकवलं. शेवटी एटूनं कोमट पाण्याच्या चुळा भरायला लावल्या आणि कडेनं अलगद बोट घालून सोडवली. बाईंच्या टाळूवर माझं चिन्ह लालबुंद उमटलेलं. मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. दहा मिनिटं. तपशील लिहीत नाही.

पण निष्कर्ष महत्त्वाचा! चिन्हात 'इथेच राहावं' असं होतं, आणि कवळी राहिली. म्हणजे प्रयोग यशस्वी. फक्त पत्ता चुकला.

एटू हसत होता. त्याचं हसणं थांबेपर्यंत मला कामाला हात लावता आला नाही. धूळ फार आहे लॅबमध्ये, डोळ्यांना त्रास होतो.

२६ मार्च
नवा प्लॅन: पत्ता बरोबर हवा. चिन्ह थेट एटूच्या खुर्चीखाली चिकटवलं. टेबलाखाली रांगत असताना तो आला. म्हटलं, स्क्रू पडला. तोही खाली बसून शोधायला लागला. वीस मिनिटं आम्ही दोघं जमिनीवर, नसलेला स्क्रू शोधत. या महिन्यातली सगळ्यात चांगली वीस मिनिटं. (कारण: खुर्चीखालची जागा साफ झाली.)

२९ मार्च
कादंबरी, पान १८७. मुलाला अखेर कळलं! हुश्श. पण सांगत नाही. होडीच्या बुडाला मित्राचं नाव रंगवतो, जे पाण्यात गेल्यावर कुणालाच दिसणार नाही. पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं. तोंड आहे ना तुला? पुढे वाचलं नाही. अशा माणसांचा मला संताप येतो.

३१ मार्च, संध्याकाळी ७.००
नीट लिहितो.

पाच वाजता सुटलो. एटू म्हणाला, स्टॉपपर्यंत चालू या. चाललो. माझी बस आली, मी सोडली. दुसरी आली, तीही सोडली. पाच-चाळीसला त्यानं विचारलं, वाचलंस का? मी म्हटलं, बरंचसं. मग कसं वाटलं? मी सविस्तर मत दिलं. मुलगा मठ्ठ आहे, त्याच्यामुळे दोनशे पानं फुकट गेली, आणि सहा कोट तांत्रिकदृष्ट्या चूक आहेत.

तो हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, अरे, तो सोळाचा आहे, त्याला वेळ आहे. मग म्हणाला, सहाला फोन करायचाय, त्याआधी तुला मला काही सांगायचंय का?

सांगायचं होतं. अगदी जिभेवर होतं. पण महिनाभराची मेहनत होती, आणि बोललं की चिन्ह फुटतं. नियम म्हणजे नियम. नाही, काही नाही, म्हटलं.

त्यानं माझ्यासमोरच फोन लावला. हो म्हणाला.

१ एप्रिल
चिन्हांना वेळ लागतो असं हँडबुकात आहे. काही वेळा चंद्राची एक फेरी.

३ एप्रिल
त्याचा निरोप. केक होता. मी भाषण केलं: लॅबची हानी, कामाचा दर्जा वगैरे. टाळ्या पडल्या. त्यानं हात मिळवला आणि बराच वेळ सोडला नाही. शेवटी मीच सोडवून घेतला, कारण सगळे बघत होते.

९ एप्रिल, रात्री ८.२०
शेजारच्या टेबलावर नवीन माणूस. रंगाची पट्टी घेऊन एकेक दात उजेडात धरतो. बरा आहे बिचारा. मला तो तिथे बसलेला सहन होत नाही.

काल कादंबरी संपवली. मुलगा शेवटी सांगतो. मित्र म्हणतो, मला कधीचं माहीत होतं, तू सांगायची वाट बघत होतो.

खरं तेच लिहायचं ठरलं होतं, तर लिहितो. मला एटू हवा होता. लॅबला नाही. मला. बहुधा नऊ वर्षं.

बसमध्ये मेसेज लिहिला: 'तू जायला नको होतंस. मला तू हवा आहेस.' चार स्टॉप तसाच ठेवला. मग पुसला आणि लिहिलं: 'पुस्तक संपलं. होडी छान रंगवलीये.' हा पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर आलं. एक अंगठा.

हँडबुक काढलं. चिन्हांची यादी चाळीस पानांची आहे. त्यात अंगठा नाही. दोनदा पाहिलं.