घुगऱ्या कुठं बांधू?

जया,

तुझ्या पार्लरमंदी मी केस सरळ कराले बसली, अन् कानाजवळचे केस जळून हातात आले. तुझ्या मायनं देल्लेल्या चांदीच्या घुगऱ्या मी लखन भाऊजीच्या लग्नात त्याच केसांत गुंफणार होती. साऱ्या तांड्यासमोर पदर कानावर ओढून बसा लागलं मले. भरपाई मांगतली, तं तू म्हणे, "वहिनी, एक फेशियल फुकट करून देतो."

फेशियल ठेव तुलेच. आता नवरीच्या मेकपचा सीझन हाये. तुझ्या दारातल्या खुर्चीवर मी रोज बसीन, पदर न घेता, घुगऱ्या मांडीवर ठेवून. येणारी हरेक नवरी विचारीन, "मावशी, हे कुठं झालं?"

हे पत्र पोस्टात टाकत नाही. मीच येऊन राह्यली.

तुझी वहिनी,
शेवंता