लेसिएली आत्यांची दुभाषेगिरी

सॉल्ट लेक, रविवार, चर्चहून आल्यावर

थोरल्या आत्या,

मोसेसे मान खाली घालून लिहितो आहे असं समजावं (लिहिताना ती तशीही खालीच असते). तुमचे गुडघे कसे आहेत? आईला तुम्ही रोज जेवायला बोलावता असं कळलं, देव तुमचं भलं करो. इकडे सगळे खुशाल. फक्त लेसिएली आत्या मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाहीत, त्याचीच ही हकीकत.

अमेरिकेच्या नागरिकत्वाची परीक्षा झाली. नागरिक झालो तरच आईला तिकडून, वावाऊ बेटावरून, इकडे आणता येतं, म्हणून वर्षभर नागरिकशास्त्राच्या वर्गाला जात होतो. माझ्यासारख्या वयस्कांना, इथे फार वर्षं काढलेल्यांना, इंग्रजी माफ. उत्तरं आपल्या भाषेत द्यायची, दुभाषा आपला आपण आणायचा. मी कामावरचा एक दोस्त ठरवला होता. ते लेसिएली आत्यांच्या कानावर गेलं. बापाची बहीण घरात असताना परका कशाला, म्हणाल्या. वडिलांच्या बहिणीला नाही म्हणणारा टोंगन अजून जन्मायचाय! (शिवाय त्या तिकडे शाळेत इंग्रजी शिकवायच्या, हे तुम्हाला मी काय सांगणार.)

आत गेल्या गेल्या पंचाईत. अधिकारी बाईंनी आम्हाला सारख्याच उंचीच्या खुर्च्या दिल्या. आत्यांच्या बरोबरीने मी कसा बसू? जमिनीवर बसायला गेलो, तर मला घेरी आली समजून बाई पाणी आणायला धावल्या. शेवटी खुर्चीच्या कडेवर टेकलो. उत्तरं बरी चालली होती (प्रत्येक उत्तराला आत्या ‘हा लहानपणापासून विसराळू’ अशी इंग्रजीत पुस्ती जोडत होत्या, तेवढं मला कळतं). शेवटचा प्रश्न उरला, आणि पास व्हायला एकच उत्तर कमी होतं. देशाचे कायदे कोण करतं? मी म्हणालो, संसद. आत्यांनी इंग्रजीत सांगितलं, राष्ट्राध्यक्ष!

बाईंचं पेन कागदाकडे निघालं. माझ्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. आपल्या भाषेत आत्यांचं म्हणणं खोडायला माझं तोंडच उघडत नाही हो. पण इंग्रजीत कसली आत्या नि कसलं काय, लहानथोर सगळ्यांना एकच ‘यू’. तेव्हा सरकारने मला माफ केलेल्या त्या इंग्रजीतच मी ओरडलो, “नो! शी राँग! काँग्रेस!” (इथल्या संसदेला तसं म्हणतात.) बाई म्हणाल्या, उत्तर तुमचंच धरायचं असतं. पास झालो. आई येणार, आत्या! आनंदाने रडलो. लेसिएली आत्या मात्र गाडीत खिडकीबाहेर बघत होत्या.

तुमचा,
मोसेसे

ता. क. खरं काम हे. तुम्ही त्यांच्याहून थोरल्या. फोन करून ‘मोसेसेला माफ कर’ एवढं बजावा. माफी मागायला, आपल्या रीतीप्रमाणे, बारीक विणीची एक चटईही पाठवा.

आणखी ता. क. हे त्यांच्या हाती लागू नये म्हणून टपालात टाकेपर्यंत पत्र गादीखाली ठेवतो आहे.

ताई, मी लेसिएली. या घरातल्या गाद्या मीच झटकते. रागबिग काही नाही गं. मला खरंच वाटलं, राष्ट्राध्यक्षच. पुढच्या महिन्यात माझीही हीच परीक्षा आहे, आणि मला नुसतं इंग्रजी येतं, बाकी काही नाही. आत्याने भाच्यासमोर शिकायला कसं बसायचं? तूच त्याला हुकूम सोड, रोज संध्याकाळी उजळणी मोठ्याने म्हणायची, विसरू नये म्हणून. मी पलीकडे भाजी निवडत बसेन.

चटई मात्र पाठवच. चारचौघांत राँग म्हणाला मेला.