शेळीला मेंढीचं गाणं

११ एप्रिल

प्रिय,

गेलेल्या माणसाचं नाव घेऊ नये, म्हणून वर तुझं नाव लिहिलेलं नाही.

आज दिवसभर वारा होता. तुझी काळी शेळी व्याली. दोन करडं झाली आणि तिने दोघांनाही लाथाडलं. दूध मिळालं नसतं, तर रात्रीच्या गारठ्यात करडं दगावली असती. म्हणून आईने पिल्लाला जवळ घ्यावं यासाठी तू गायचीस ते गाणं मी शेळीच्या पाठीवर हात फिरवत गायलं. शेजारची दुल्मा हसायला लागली.

"मास्तर, हे मेंढीला मनवायचं गाणं. शेळीचं वेगळं असतं. शाळेत शिकवत नाहीत वाटतं?"

मला दुसरं येत नव्हतं, म्हणून तेच गात राहिलो. अंधार पडता पडता शेळीने करडं हुंगली आणि त्यांना पिऊ दिलं.

"तुमच्या घरात सगळं उलटंच," दुल्मा म्हणाली आणि गेली.

तू शेळ्यांनाही हेच गायचीस, की माझ्याच आठवणीत घोटाळा झालाय? मला काही कळत नाही. आता हे विचारायचं कुणाला?

तंबूत येऊन मी चुलीत वाळलेलं शेण सारलं आणि आपल्याकडे टाकतात तसं चहात मीठ टाकलं.

तुझा नवरा,
गोंबो