मामंजींच्या पडैयलातली बाटली

तंजावूर, १८ जून १९९६

ती. सौ. हिराअक्कांस वसुमतीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. शेजारी कार्ड उलटंपालटं करून पाहतात, पण मराठी अक्षर इथं कुणाला लागत नाही. म्हणून मोकळेपणानं लिहिते.

तुमचे बंधू गेल्या मंगळवारी ओरत्तनाडूच्या कचेरीत जायला बसमध्ये चढले, झिंगेत झोपले ते थेट पट्टुक्कोट्टैला जागे झाले. परतीच्या बसमध्ये पुन्हा झोपले, तंजावुरात उतरले आणि कचेरीला सुट्टी होती म्हणाले. मेमो आलाय. आणखी एकदा असं झालं, तर नोकरी जाईल.

अमावास्येला मामंजींच्या फोटोपुढे त्यांच्या आवडीच्या नैवेद्याचं पडैयल मांडतो, ते तुम्हाला ठाऊकच. मी वडे-पायसम करत आले. आता हे म्हणतात, अप्पांना ब्रँडी आवडे. ठेवलेलं टाकायचं नाही, म्हणून मागाहून हेच संपवतात. आधी अमावास्येला, मग पौर्णिमेला, गेल्या आठवड्यात तर एकादशीलाही मामंजींना तहान लागली! पितरांची वस्तू, मी उचलू कशी? मामंजी खरंच घेत होते का, तेवढं कळवा.

लेक रम्या नमस्कार सांगते. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वसुमती

मद्रास, २४ जून १९९६

चि. सौ. वसुमतीस अ. आ.

हसता हसता माझा चष्मा पडला. अप्पा थेंबालाही शिवले नाहीत. त्यांच्या आवडीचा होता निलवेंबूचा कडू काढा, तोही बिनसाखरेचा. येत्या अमावास्येला तांब्याभर ठेव. ठेवलेलं टाकायचं नाही, हे कृष्णस्वामीचंच म्हणणं त्याला ऐकव. बाटली मोरीत ओत. पाप लागलंच तर माझ्या नावावर.

रम्याला पापा. लोभ आहेच, तो वाढवणं तुझ्याकडे.

हिराअक्का

तंजावूर, १७ जुलै १९९६

ती. अक्कास कृष्णस्वामीचा नमस्कार, रागातला.

परवा तांब्याभर काढा प्यालो. वसुमती पदर खोचून समोर उभी, रम्या घोट मोजतेय. तोंडाची चव गेली ती अजून परतली नाही. कावळ्यानंसुद्धा त्यात चोच घातली नाही.

पण तू खोटं बोललीस, अक्का. मी सहा वर्षांचा होतो, तरी अप्पा उचलून घेत तेव्हाचा वास मला आठवतो. बाटलीचं बूच काढलं की तोच येतो. अप्पांची दुसरी काही आठवण माझ्यापाशी नाही. ती तरी काढून घेऊ नकोस.

राग गेला की पुन्हा लिहीन. तोवर लोभ राखून ठेव.

कृष्णस्वामी

मद्रास, २२ जुलै १९९६

चि. कृष्णस्वामीस अ. आ.

खोटं बोलले, खरं आहे. अप्पा घेत आणि रोज घेत. कावीळ झाली होती, असं आईनं गावाला सांगितलं आणि आम्ही तेच पाठ केलं. शेवटी पोट मडक्याएवढं फुगलं होतं, मला ओळखत नव्हते. बेचाळीस वर्षांचे होते. तू श्रावणात बेचाळीसचा होशील. मला फार भीती वाटते रे.

तुझ्याकडे वास राहिला. माझ्याकडे थोडं जास्त आहे. शुद्धीत असले की ते तुला खांद्यावर घेऊन कालव्यापर्यंत जात आणि भाताच्या शेतातले बगळे मोजायला शिकवत. तू बारानंतर एकदम वीस म्हणायचास. अप्पा तेही बरोबर धरत.

यातलं हवं तेवढं घे. ब्रँडी नको.

तुझीच अक्का

तंजावूर, २ ऑगस्ट १९९६

ती. अक्कास कृष्णस्वामीचा शि. सा. नमस्कार.

सरकारी इस्पितळाच्या दारू सोडवायच्या वॉर्डातून लिहितोय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस. शेजारच्या खाटेवर एक रिटायर हेडमास्तर आहेत. रोज सकाळी सगळ्या खाटांची हजेरी घेतात, आणि मीसुद्धा उभा राहून हजर म्हणतो. वसुमती कांजी आणते. कचेरीत तिनं स्वतः रजेचा अर्ज दिला आणि कारणही खरं सांगितलं.

भरती करताना फॉर्ममध्ये वडील कशानं वारले, असा रकाना होता. शाळेत, कचेरीत, विम्याच्या कागदांवर आजवर कावीळ लिहीत आलो. या वेळी दारू लिहिलं. त्याच्या खालच्याच रकान्यात माझा आजार विचारला होता. तिथंही तेच लिहिलं.

आशीर्वाद या खेपेला जरा जास्त पाठव.

तुझा कृष्णस्वामी